साधाच जंतू

२ मार्च

भावोजी,

आशीर्वाद लिहायला बसले आणि हसू आलं. नात्याने मी थोरली, वयाने तुमच्याहून तीन वर्षांनी धाकटी. तेव्हा आशीर्वाद राहू द्या, खुशाली तेवढी कळवते. मी जेवते, झोपते, गोठ्यात जाते. यापलीकडे विचारू नका.

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघंही तुमच्या दादांच्या नावापाशी येऊन थांबतो, मग दोन्हीकडून नुसता श्वास ऐकू येतो. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. शिवाय डबा पाठवतेच आहे, चिठ्ठी त्यातच बसेल.

डब्यात बर्फावर बारा बाटल्या आहेत. प्रत्येकीवर गाईचं नाव आणि सड लिहिलाय. सहा कालवडींपैकी तिघी व्याल्या. ठिपकीची कास आधीच आठवडाभर फुगली होती. मला वाटलं, भरतेय, चांगलंच आहे. व्याल्यावर पुढच्या डाव्या सडाला हात लावला तर लाथ! इतकी गरीब पोर, आणि लाथ. तो भाग दगडासारखा लागला, तापलेला. चीक कसला, पिवळं पाणी आणि त्यात गुठळ्या. हट्टीचे दोन सड तसेच. लाजरीचं सगळं ठीक दिसतंय, तरी तिच्याही बाटल्या दिल्यात, नाहीतर म्हणाल वहिनी अर्धवट काम करते. बाकीच्या तिघी महिन्याभरात व्यायच्या आहेत.

या सहा जणी कशा वाढल्या ते तुम्ही पाहिलं नाही, तुम्ही तेव्हा तिकडच्या दूध तपासायच्या प्रयोगशाळेत बदलून गेला होतात. यांनी त्या स्वतः निवडल्या आणि स्वतः पाजल्या. आपल्या म्हाताऱ्या गाईचा एक सड सारखा सुजायचा, ते दूध डेअरीला घालता यायचं नाही. हे म्हणायचे, ओतून कशाला द्यायचं, पोरींना पाजू. बादलीत बोट बुडवायचे आणि एकेकीच्या तोंडात द्यायचे. मी म्हणायची, मला कधी एवढ्या लाडाने चहासुद्धा पाजला नाहीत. म्हातारी गेल्या वर्षी गेली, मग हे गेले, राहिल्या या सहा. यांच्या पायी मी सकाळी उठते, खरं सांगायचं तर.

तुम्ही दिवसभर दुधातच डोकं घालून बसता, तुम्हाला कळेल. काय झालंय ते सांगा. आणि आमच्याकडून काही चुकलं नाही ना, तेही सांगा.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

डबा पोचला. बर्फ वितळला होता, पण दूध गार होतं, त्यामुळे तपासणीत अडचण आली नाही. बाटल्यांवरचं अक्षर पाहून आमचे साहेब म्हणाले, एवढी नीट नावं आमचे निरीक्षकही घालत नाहीत. तुमच्या वतीने मी मान डोलावली.

काळजीचं कारण नाही. साधाच जंतू आहे. गाईच्या कातडीवर असतो, पहिलारूंमध्ये तर नेहमीच सापडतो. बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो. दिवसातून तीनदा कोमट पाण्याने शेक द्या, सड पूर्ण रिकामे करा, कास चोळताना हात हलका ठेवा. जमलं तर ठिपकी आणि हट्टीचं दूध सगळ्यात शेवटी काढा. लाजरीचे चारही सड स्वच्छ आहेत.

तुमचं काही चुकलेलं नाही. दादाचंही नाही.

इकडे ठीक. नवीन खोलीला खिडकी आहे, तिच्यातून शेजारच्या इमारतीची गच्ची आणि तिथली कपड्यांची दोरी दिसते. जेवण स्वतः करतो, म्हणजे भात करतो.

जपून राहा. रोज नीट जेवा.

तुमचा भावोजी


३० मार्च

भावोजी,

तुमचं पत्र आलं आणि मी गोठ्यातच बसून वाचलं, बादली उपडी घालून तिच्यावर. वाचून झाल्यावर ठिपकीला मोठ्याने वाचून दाखवलं. साधाच जंतू आहे गं तुझा, म्हटलं, उगीच नखरे करतेस. तिने कान हलवले. बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं, तेही एकटीला, म्हणजे कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं!

गुरांच्या डॉक्टरबाईंना बोलावणार होते. पण साधाच आहे म्हटल्यावर त्यांना एवढ्या लांबून कशाला ओढायचं? शेक देते. तीनदा सांगितलात, मी पाचदा देते. सकाळी धार काढायला जाते तेव्हा हातात फडकं आणि गरम पाण्याची बादली असते. ओळीने प्रत्येकीची कास पुसते, पिळते, पुढची. इतकी स्वच्छता मी कधी घरात ठेवली नाही. शेवटी काढायचं मात्र जमत नाही. ठिपकी रांगेत पहिली येते. तिला मागे लोटलं की सगळ्या गोठ्याचं डोकं फिरतं, दूधच सोडत नाहीत. मानपान आहे त्यांच्यात.

आणखी दोघी व्याल्या. एकीचे दोन सड धरलेत, दुसरीचा एक. पण आता मी घाबरत नाही. शेवटची राहिलीय. पाच वासरं झाली, चार कालवडी आणि एक गोऱ्हा. सगळी गुटगुटीत आहेत, मी काहीच वाया घालवत नाही. यांनी पाहायला हवी होती.

लाजरी आजकाल पाय हलवते धार काढताना. माश्या असतील. तरी तिच्या बाटल्या पुन्हा पाठवते. ज्या मोठ्या गाई आधीपासून दुधात आहेत त्यातल्या दोघींच्याही दिल्यात, त्यांचं दूध थोडं खारट लागतं.

भात रोज खाऊ नका. निदान डाळ करायला शिका, तिला कोणी घाबरत नाही.

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

बाटल्या पाहिल्या. जंतू जरा चिवट निघाला. लाजरीलाही थोडं आहे, दोन्ही मोठ्या गाईंनाही. घाबरू नका, पण आता डॉक्टरबाईंना बोलावून घ्या. त्यांना म्हणा की माझ्या दिराने सांगितलंय, औषध जोराचं द्या. प्रत्येक गाईला वेगळं फडकं घ्या, वापरलं की उकळा. ठिपकी रुसली तर रुसू द्या, पण तिला शेवटीच घ्या. कृपा करा आणि एवढं कराच.

मी लवकर येणार होतो, सुट्टी मिळत नाही.

भावोजी


७ मे

वहिनी,

तुमचं पत्र नाही. आता येणारही नाही, हे मला कळलं. काल दुपारी तुमच्या डॉक्टरबाईंचा इथे फोन आला. साहेबांच्या टेबलावर फोन आहे, मी समोरच उभा होतो. साहेब म्हणाले, "त्या गोठ्याची नोंद मार्चमधली आहे. सोनेरी जंतू, दोन गाई, तीन सड. कळवलं नाही का तुम्हाला?" पलीकडून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. साहेबांनी फोन ठेवला आणि विचारलं, "तुझ्याच घरचा गोठा ना हा?" मी हो म्हटलं. "मग काय कळवलंस?" तेव्हापासून मला काचेची भांडी धुवायला बसवलंय. ते योग्यच आहे.

आता सगळं लिहितो.

तुमच्या बाटल्यांतलं दूध जंतू वाढवायच्या तबकडीवर लावलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण उघडलं. लाल तबकडीवर सोनेरी ठिपके, प्रत्येकाभोवती कडं. वीस वर्षं हा जंतू बघतोय, ओळखायला भिंग लागत नाही. साधा नाही तो. कासेत खोल शिरून गाठी करतो आणि आत बसून राहतो. एका गाईकडून दुसरीकडे जातो तो दूध काढणाऱ्याच्या हाताने, ओल्या फडक्याने. कोवळ्या गाईंना पहिल्या आठवड्यात नेटाने औषध केलं तर बऱ्याच वाचतात. तो आठवडा माझ्या हातात होता.

मी लिहायला बसलो होतो. तुमचं पत्र समोर होतं. त्यातली म्हाताऱ्या गाईची ओळ मी पुन्हा वाचली. तिच्या सडातून तेच येत असणार. ते दूध वासरांनी प्यायलं, एका कप्प्यात राहून एकमेकींचे सड चोखले, आणि जंतू तिथे त्या व्यायची वाट पाहत बसला. बोट बुडवून कोणी पाजलं तेही तुम्ही लिहिलं होतं. खाली लिहिलं होतं, आमच्याकडून काही चुकलं नाही ना. दादाला जाऊन चार महिने झाले होते. या सहा जणींच्या पायी मी उठते, असं तुम्ही म्हणत होता. माझ्याच्याने लिहवेना. वाटलं, साधा म्हणून सांगू, महिन्याभराने हळूच सांगू. पुढच्या पत्रात तुमचं हसणं आलं, मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

तुम्ही ओल्या फडक्याने ओळीने सगळ्यांना पुसता हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो. उठून पाणी प्यायलो आणि परत बसलो. तेव्हाच फोन करायला हवा होता. बारा दिवस घालवले.

एक गोष्ट पहिल्यांदा विचारायला हवी होती. वासरांना काय पाजता? सुजलेल्या सडांचं दूध त्यांना देऊ नका. थेंबभरही देऊ नका. हे पत्र मिळताच बंद करा.

मला काही म्हणा, पण एकदा लिहा.

भावोजी


१६ मे

भावोजी,

तुमचं पत्र चौदा तारखेला आलं. वासरांचं मला त्याच्या आधीच कळलं होतं.

निरोप धाडून दोन आठवडे झाल्यावर डॉक्टरबाई आल्या, त्या दिवशी त्यांनी सगळ्या गाईंच्या धारा काळ्या ताटलीत, गुठळी उठून दिसावी म्हणून, घेऊन पाहिल्या. एकेक करत ओळीच्या टोकापर्यंत गेल्या. मग हात धुतले, पुन्हा धुतले आणि मला म्हणाल्या, "रिपोर्ट दाखवा." मी म्हटलं, रिपोर्ट नाही, दिराचं मार्चचं पत्र आहे. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच वाटलं, पत्र मीच लिहिलंय की काय. "तुमचे दीर प्रयोगशाळेतच आहेत ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो, वीस वर्षं. त्या गाडीत जाऊन बसल्या. फोन तिथूनच केला असणार.

परत आल्या तेव्हा मी वासरांच्या कप्प्यात होते. बादली हातात होती. माझं बोट ठिपकीच्या पोरीच्या तोंडात होतं. त्यांनी विचारलं, "हे कोणाचं दूध?" मी म्हटलं, ज्यांचं डेअरीला जात नाही त्यांचं. अजून काय करायचं त्याचं? यांनी असंच केलं होतं.

डॉक्टरबाईंनी बादली माझ्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली. मी पाहत राहिले. सव्वादोन महिने, भावोजी. सहाही वासरांना. शेवटची १० एप्रिलला व्याली, तिच्याही पोरीला. सगळी एका कप्प्यात आहेत आणि एकमेकींना चोखतात. मला गंमत वाटायची. मी म्हणायची, बघा कशा बहिणी बहिणी खेळतात.

यांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत. म्हणून मी यांनी केलं तेच केलं. यांना माहीत नव्हतं. मला माहीत होऊ शकलं असतं.

सध्या एवढंच लिहिते. औषधं सुरू आहेत, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक सडात औषधाची नळी. ठिपकी आता लाथ मारत नाही, नुसती उभी राहते.

वहिनी


२ जून

वहिनी,

मी येतो. साहेबांनी आठ दिवस दिलेत. नळ्या मी भरेन, फडकी मी उकळेन, तुम्ही नुसत्या बसा. तुमच्या समोर यायला लाज वाटते, ती बाजूला ठेवून येतो. तुम्ही हो म्हणा, की लगेच निघतो.

दादा गेला तेव्हाही मी उशिरा पोचलो होतो. आताही तेच केलं असं व्हायला नको.

भावोजी


२१ जुलै

भावोजी,

तुम्हाला हो लिहिलं नाही. आलात तर चहा करावा लागला असता, समोरासमोर बसावं लागलं असतं, आणि तुम्ही रडला असतात तर तुमची समजूत मला काढावी लागली असती. तेवढं अंगात नव्हतं.

औषधाचा उपयोग झाला नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता उशीर झालाय. त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं, तुमचं नाव घेतलं नाही. ठिपकीचे तीन सड बंद पडले. हट्टीला ताप चढला, तिने खाणं सोडलं, चौथ्या दिवशी उठलीच नाही. लाजरीचे चारही गेले. मार्चमध्ये तिचे चारही स्वच्छ होते, तुम्हीच लिहिलं होतं. ते मात्र खरं लिहिलं होतं तुम्ही. त्या पत्रातली तेवढी एकच ओळ खरी होती, आणि मी तिची कास त्याच फडक्याने पुसली.

मोठ्या अकरा गाईंपैकी सात धरल्या. बाकी चार निरोगी होत्या, त्या एका माणसाने नेल्या, घासाघीस न करता, कारण मी केलीच नाही. उरलेल्यांसाठी गाडी आली, या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहाला. वासरंही तीत घातली. डॉक्टरबाईंनी मला दोनदा विचारलं, वासरं ठेवून बघू या का, दोन वर्षं वेगळी बांधू, व्याल्यावर कळेल. मी विचारलं, कळेल म्हणजे काय कळेल? त्या म्हणाल्या, कदाचित एखादी सुटलेलीही असेल. मी नको म्हटलं. पुन्हा दोन वर्षं रोज वाढवायचं, नावं ठेवायची, आणि पहिल्या धारेला ताटली धरून उभं राहायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. गाडी कुठे जाते ते मी विचारलं नाही, गाडीवाल्यानेही सांगितलं नाही. ठिपकी पहिली चढली.

आता एक गोष्ट माझी. तुम्ही लपवलंत, पण मीही एक लपवलं होतं. मागच्या ऑक्टोबरात, हे दवाखान्यात होते तेव्हा, मी ठिपकीला घासत होते. तिच्या कासेत हाताला गाठ लागली, सुपारीएवढी. सडाच्या टोकाला खपली होती. ती गाभण होती, मला कळलं की हे बरं नाही. पण त्या आठवड्यात मला आणखी एक वाईट बातमी नको होती. मी हात काढून घेतला आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागले. यांना सांगितलं नाही, डॉक्टरबाईंना नाही, तुम्हाला पत्रातसुद्धा नाही. तुमचा गुन्हा हलका व्हावा म्हणून हे लिहीत नाही. हलका होत नाही तो, आणि माझाही होत नाही. तुम्ही सगळं लिहिलंत, म्हणून मी लिहिलं.

गोठा चुन्याने धुतला. भिंतींना चुना, जमिनीला चुना, हातांची सालं गेली. मग पुढच्या वळणावर तो मोठा गोठा आहे ना, ऐंशी गाईंचा, तिथे कामाला विचारलं. म्हटलं, धार काढता येते, यंत्रावरही येते, पंधरा वर्षं तेच केलंय. मालक बाहेर आला, दारातच उभा राहिला. माझ्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. चांगला माणूस आहे, यांच्या मातीला आला होता. म्हणाला, "ताई, राग मानू नका. तुमच्या गोठ्यात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या गाईंना तुमचा हात नको." मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. मी असते तर मीही नको म्हटलं असतं.

आता शाळेत भांडी घासायला जाते. साडेदहाला जायचं, चारला सुटायचं. मोठाली पातेली आहेत, घासायला जोर लागतो, तो आहे माझ्याकडे. बरोबरच्या बायका गप्पा मारतात, मलाही ओढतात. वाईट नाही.

तुम्हाला रागाने लिहायचं म्हणून चारदा बसले. राग येत नाही. आला असता तर बरं झालं असतं, कुठेतरी लावता आला असता. हे असते, तर तुमच्या दोघांच्या भांडणात मी मध्ये पडले असते, आणि रात्रीच्या जेवणाला दोघांना एका पाटावर बसवलं असतं. आता भांडायलाही कोणी नाही.

येऊ नका. सणासुदीला, वर्षाने, कधीतरी, असंही म्हणत नाही. पत्र लिहिलंत तर वाचेन. उत्तर लिहीनच असं नाही.

पाचला जाग येते अजून. उठून बसते, पाय खाली सोडते, चपला शोधते. मग आठवतं. शाळेला जायला साडेपाच तास असतात.

वहिनी